करंजीच्या मुरडीचं सेविया

प्रिय दादा,

तुझं सेविया शनिवारपासून पाडणार आहेत. स्पेनमधलं नव्हे. ते शेकडो वर्षं उभं आहे, त्याला कोणी हात लावत नाही. दुबईतलं. तुझं.

पाच-सहा वर्षं टिकलं. तुझ्यानंतर दीड वर्ष. इथल्या मानाने बरंच म्हणायचं!

आज सकाळी वहिनीचा फोन आला. मॉलवाल्यांनी चौकाभोवती पत्रे लावलेत. आता तिथे व्हेनिस होणार आहे. कालवा, होड्या, होडीत गाणारा फिलिपिनो. तुला आवडलं असतं. तू लगेच पाण्याची खोली विचारली असतीस.

"विजू, मला कोनाडा हवाय," वहिनी म्हणाली.

"कुठला कोनाडा?"

"कुठला काय! यांच्या चर्चच्या भिंतीतला. शेडवरच्या तांबेशी बोललेय मी. उद्या संध्याकाळपर्यंत काय हवं ते न्या, असं म्हणालेत ते लोक. तांबे पिकअप आणतोय."

"आणि ठेवणार कुठे?"

"हॉलमध्ये. टीव्हीच्या बाजूला."

"वहिनी, कचरा आहे तो. सिमेंट आणि काचेचे धागे."

तिने ते कानाआड केलं. मग म्हणाली, "उचलायला चार माणसं लागतात. मी, तांबे आणि ड्रायव्हर. तिघं आहोत." आणि तिने फोन ठेवला.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. वहिनीला उत्तर द्यायच्या आधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून हे पत्र. तुला मध्येच तोडता येणार नाही, हा एक फायदा. जिवंत होतास तेव्हा माझं एक वाक्य पुरं होऊ दिलंस का कधी?

तुझ्या कामाचा मला तिटकारा होता. तुला ते माहीत होतं. तू मला 'मराठीच्या बाई' म्हणायचास, मी शारजाच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून. मी तुला 'साचेवाले' म्हणायचे. त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. निदान मला तरी.

इथल्या मराठी मंडळात तुला सगळे आर्किटेक्ट म्हणत. तू नव्हतास, आणि ते तू कधी दुरुस्तही केलं नाहीस. अल क्वोजच्या शेडमध्ये तू भिंती बनवायचास. साच्यात सिमेंट फवारायचं, त्यात काचेचे धागे, जाडी बोटभर. सुकलं की सोलून काढायचं. कमानी, खांब, महिरपी. समोरून दगड, मागून काहीच नाही.

आणि तुझा तो नियम! चार माणसांना उचलता आलं पाहिजे. पाचवा लागला की तो तुझा माल नव्हे. "क्रेन लागली म्हणजे डिझाइन फसलं, विजू." अख्खं चर्च तू चौघांना झेपेल अशा तुकड्यांत कापलंस. याचा तुला अभिमान होता. चर्चचा नव्हता.

सेवियाला मला का नेलंस? बहीण म्हणून नव्हे. मॉलला स्पॅनिश चौक हवा होता, कंपनी तुला चार दिवस मोजमापं घ्यायला पाठवत होती, आणि मला संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं थोडं स्पॅनिश येत होतं. "तू बडबड कर, मी टेप धरतो," म्हणालास. मार्चअखेरची सुटी होती. वहिनी आली ती कणीक, कॉइलची शेगडी आणि मेतकुटाची बाटली घेऊन.

पहिल्या सकाळी आपण सांताक्रूझच्या मोहल्ल्यात शिरलो. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत अशा गल्ल्या. चुना दिलेल्या भिंती, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, जाळ्यांतून कुंड्या. एक गल्ली वळायची आणि चौकात संपायची. चौक म्हणजे काय? चार नारिंगाची झाडं, एक कारंजं, एक बाक, बाकावर एक म्हातारा. एवढंच. मी उभी राहिले. तू म्हणालास, "ग्रिडच नाहीये गं या गावाला."

"नाहीये तर नाहीये."

"इमर्जन्सी व्हेइकल कुठून येणार?" मग पाटी वाचलीस. "हे सांताक्रूझ? आमचं बरं. निदान भाजीबाजार तरी आहे."

वहिनी हसली. मीही हसले असते, पण तू ते वाक्य त्या दिवसात तीनदा म्हणालास.

झाडांवर फुलं आणि जुनी नारिंगं एकदमच होती. गल्लीभर वास. वहिनीने खाली पडलेलं एक नारिंग उचलून सोललं, फोड तोंडात टाकली आणि तिचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो, इडलिंबू आहे हे! लोणचं होईल." तिने ओढणीत पाच-सहा गोळा केली. तू तेव्हा झाडाच्या आळ्याभोवतीच्या विटा मोजत होतास. मान वर करून एकदाही वास घेतला नाहीस. तुझ्या चौकात पुढे प्लास्टिकची नारिंगं आली. ती कडू निघाली नाहीत, एवढं खरं.

कॉफी पिताना काय बोललास आठवतं? "दोनशे पेसेटा. म्हणजे पाच दिरहम. म्हणजे पन्नास रुपये! एका कपाला?" वेटर उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. लाजेने मी खाली बघत बसले.

मोठ्या चर्चच्या दाराशी वहिनीने बूट काढून पिशवीत घातले. पहारेकरी हसला. तू तिला दरडावलंस, "अगं, लोक बघतायत!" लोक बघत नव्हते. लोक वर बघत होते. त्या छताखाली माणूस आपोआप वर बघतो. तू टेप काढून खांबाचा घेर घ्यायला लागलास. टेप पुरली नाही. मग बोटाच्या पेराने खांबावर टकटक केलंस. प्रत्येक चर्चमध्ये हेच. टकटक करायचं, कान लावायचा आणि नाराज व्हायचं. दगड वाजत नव्हता.

"दार नाहीये ते," वहिनी म्हणाली. "कोणी उघडणार नाही."

आत एक शवपेटी आहे, चार राजांनी खांद्यावर घेतलेली. पुतळेच, पण पुरुषभर उंच, जड झग्यांतले. हिंदुस्थान शोधायला निघालेला आणि भलतीकडेच पोचलेला तो खलाशी तिच्यात आहे, असं म्हणतात. मी पुस्तकातलं सांगत होते. वहिनीचं लक्ष खांदेकऱ्यांकडे होतं.

"यांचा विसावा कधी येतो?" तिने विचारलं.

"काय?"

"विसावा. अर्ध्या वाटेत खाली ठेवतात ना? पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात. हे बिचारे कधीचे असेच उभे आहेत."

तू मोठ्याने हसलास. त्या शांततेत ते हसू फार वाईट वाजलं. "अगं, पुतळे आहेत ते! त्यांना कसला आलाय विसावा?" आणि मला म्हणालास, "बघ, चौघंच आहेत. माझा नियम यांनाही माहीत होता."

तुझ्या नियमाबाहेर तुला काही दिसायचंच नाही का?

मनोऱ्यावर मात्र खूश झालास. तिथे जिना नाही, चढण आहे. पूर्वी, इथे मशीद होती तेव्हा, बांग द्यायला जाणारा घोड्यावरून वर जायचा. मी हे सांगितलं तर म्हणालास, "घोडा जाऊ दे, ट्रॉली जाईल!" वर पोचल्यावर सगळं शहर पायाखाली होतं. पांढऱ्या गच्च्या, मातकट कौलं, नदी, नदीपलीकडे त्रियाना. वहिनी गप्प झाली. मी गप्प झाले. तू म्हणालास, "वॉटरप्रूफिंगचा पत्ताच नाही."

माझ्या बाजूने एवढं लिहिते की तिसऱ्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायचं नाकारलं होतं. वहिनीने समजूत घातली. "चल गं. यांना एकट्याला सोडलं तर कुणाचं तरी घर मोजायला शिरतील."

त्रियाना म्हणजे कुंभारांची वस्ती. दुकानादुकानांत रंगीत फरश्या. बाजूच्या एका गल्लीत एक लहान चर्च, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात जाळीमागे मेरी, आणि कोनाड्याभोवती मातीच्या उठावाच्या फुलांची किनार. एका फुलाची पाकळी तुटलेली. तू थांबलास. तीन दिवसांत पहिल्यांदा टेप न काढता थांबलास.

"हे फूल पाहिजे," म्हणालास.

"फोटो काढ."

"फोटोने खोली कळत नाही. ठसा पाहिजे." मग खिसे चाचपलेस. ठसा घ्यायची माती अल क्वोजला विसरली होती. चार दिवस मोजमापं घ्यायला आलेला माणूस माती विसरला! तू वहिनीकडे बघितलंस. "शुभा, संध्याकाळच्या पुऱ्यांची कणीक मळलीयस ना?"

"मळलीय. का?"

"घट्ट आहे?"

"पुरीची घट्टच असते. अहो, का पण?"

हॉटेल जवळ होतं. ती डबा घेऊन आली. आणि माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही दोघांनी स्पेनमधल्या चर्चच्या भिंतीला पुरीची कणीक थापली. तेलाचा हात लावून! वहिनी म्हणाली, "तेल लावा, नाहीतर चिकटेल." तू आज्ञाधारकपणे लावलंस. घरात कधी चहाचा कप उचलून ठेवला नाहीस.

तेवढ्यात ती म्हातारी आली. एप्रन लावलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती जोरात बोलायला लागली. मला वाटलं, आता पोलीस.

"काय म्हणतेय?" तू विचारलंस.

"म्हणतेय, इथे पीठ लावू नका, मुंग्या येतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"तिला सांग, पुसून देतो."

वहिनीने ओढणीच्या टोकाने भिंत पुसली. म्हातारीने तीच ओढणी चिमटीत धरून कापड बघितलं, किंमत विचारली, ती मी सांगितली, तिने मान हलवली. मग कोनाड्याच्या बाजूचं एक बटण दाबलं. मेरीच्या डोक्यावर पिवळा बल्ब लागला. दिवेलागण झाली होती. वहिनीने हात जोडले. बल्बला जोडले की मेरीला, ते तिलाच ठाऊक. तू कणकेकडे बघत होतास, ठसा नीट आलाय का म्हणून.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी गर्दी. पंचवीस-तीस माणसं एका लाकडी सांगाड्याखाली वाकलेली, नुसते पाय दिसत होते. वर सिमेंटचे ठोकळे आणि वाळूची पोती. सणाला मेरीची जड पालखी निघते. तिची ही आधीची तालीम. समोर मुकादम. त्याने लोखंडी कडी वाजवली, सगळे एकदम उठले. थोडी पावलं चालले. पुन्हा कडी, सगळं खाली. माणसं बाहेर येऊन पाणी प्यायली.

"हा बघा विसावा," वहिनी म्हणाली.

मग मला म्हणालास, "विचार त्याला, वजन किती."

मुकादमाने तुझ्याकडे नखशिखान्त बघितलं. इस्त्रीची पँट, कमरेला टेप. तो म्हणाला, विचारतोय कशाला, खाली येऊन बघ म्हणावं. माणसं हसली. चेष्टाच होती ती. मी भाषांतर केलं, तेही चेष्टेनेच. आणि तू टेप माझ्या हातात दिलीस आणि वाकून आत गेलास!

कडी वाजली. सांगाडा उठला. पायांच्या गर्दीत तुझे काळे ऑफिसचे बूट दिसत होते, टाचा उचललेले. क्षणभर तसाच राहिला, मग खाली आला. तू बाहेर आलास तेव्हा मानेवर लाल वळ होता. श्वास लागला होता. मी वाट बघत होते. आता तरी हा काही बोलेल. काहीतरी, ज्याला माप नाही असं.

"लोड डिस्ट्रिब्यूशन चुकीचं आहे," म्हणालास.

बाकी काही सुचलंच नसेल का रे तुला? की सुचलं, आणि माझ्यापुढे बोलायचं नव्हतं?

दुकानातून प्लास्टर आणलंस. हॉटेलच्या खोलीत कणीक उलटी करून त्यात ओतायचं ठरलं. "शुभा, कडा उंच कर, सांडेल." वहिनीने कडा उचलली आणि सवयीने तिला मुरड घातली. करंजीला घालते तशी. अंगठा, बोट, दुमड. अंगठा, बोट, दुमड. गोल फिरत जुळवली. इतकी सुबक की मेली ती करंजीच वाटत होती. मग तू प्लास्टर ओतलंस आणि आपण पुऱ्यांऐवजी पाव-मेतकूट खाल्लं.

सकाळी कणीक सोलली. आत फूल होतं, तुटक्या पाकळीचं. आणि भोवती करंजीची मुरड.

"कड कापून टाक," मी म्हणाले.

तू ते उजेडात धरून फिरवलंस. "राहू दे. बॉर्डर फुकट मिळाली."

तुझ्या चौकाच्या उद्घाटनाला आम्ही सगळे आलो होतो. विसरता येत नाही. एसीतलं आकाश, रंगवलेले ढग. सेवियाचं चर्च, पण क्रॉस नाही. तो काढ असं तुला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी काही विचारायच्या आत तूच काढलास. घंटेच्या जागी स्पीकर. कोनाडा रिकामा. त्यात पुढे सेलच्या दिवसांत अत्तराची बाटली ठेवायचे.

आणि बाक नव्हता. सेवियातल्या प्रत्येक बाकाची उंची तू लिहून घेतली होतीस. मी विचारलं तर म्हणालास, "बसलेला माणूस खरेदी करत नाही, मॅडम." म्हणजे चौक कशासाठी असतो ते तुला कळलं होतं. कळून मग काढून टाकलं होतंस. याचा मला सगळ्यात राग आला. न कळणाऱ्यावर कोण रागावतं?

तुझी रेवा तेव्हा पंधरा वर्षांची. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ वेडिंग केक." तू खूश! तुला ती स्तुती वाटली.

कन्सल्टंट साहेब पाहुण्यांना फिरवत होता. कोनाड्यापाशी थांबून त्याने फुलांच्या किनारीवर बोट ठेवलं. म्हणाला, ही खास मूरिश दोरनक्षी, मूळ सेवियातल्या एका चर्चवरून घेतलेली. फुलाफुलाला तुटकी पाकळी, फुलाफुलाला करंजीची मुरड. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने फोटो काढला.

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. हसू आवरत नव्हतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "विजू, आत सारण भरायचं तेवढं राहिलं बघ."

आम्ही दोघी त्या चर्चमागे जाऊन हसलो. चर्चमागे काय होतं? लोखंडी सांगाडा आणि विजेच्या वायरी. तू शोधत आलास. "काय झालं?" काही नाही, म्हटलं. तू भिंतीवर टकटक केलीस. पोकळ वाजली. तुझा चेहरा खुलला.

मग तू गेलास. चेष्टा न करता एकच वाक्य लिहिते. तू गेलास त्या दिवशी मी वर्गात निबंध तपासत होते, आणि निरोप घेऊन आलेल्या शिपायाला मी थांबायला सांगितलं, कारण मला वाटलं, तुझं नेहमीचं काहीतरी काम असेल.

शोकसभेत मंडळाचे देशपांडे म्हणाले, "श्रीधररावांनी वाळवंटात युरोप उभा केला." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तुला खांदा द्यायला आलेले त्यातले किती? बाकीच्यांना ऑफिस होतं.

इथे खांदा द्यायचाच कुठे असतो? हॉस्पिटलच्या दारात व्हॅन, जबल अलीला स्मशानाच्या दारात व्हॅन. मधल्या हायवेवर तासाला शंभरचा वेग. व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी वहिनी, मागे तुझ्याजवळ देशपांडे आणि मी. अल क्वोजचा फाटा आला आणि वहिनी म्हणाली, "रोको."

ड्रायव्हर पठाण होता. "मॅडम, इधर किधर? आगे टाइम दिया है."

"पाँच मिनट. विसावा लेने का है."

"क्या लेने का?"

"इनका विसावा." तिला हिंदी शब्द सापडेना. "आराम. रास्ते में एक बार नीचे रखते हैं."

देशपांडे म्हणाले, "वहिनी, आता कशाला, इथे असं काही नसतं." वहिनीने मागे वळूनही बघितलं नाही. पठाणाने तिच्याकडे बघितलं, मग फाट्याकडे. "चलो. यल्ला, पाँच मिनट."

तुझ्या शेडचं अंगण. दादा, ते अंगण मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तुझं सगळं फसलेलं काम तिथे होतं. अर्ध्या कमानी, तडा गेलेले खांब, आडवा पडलेला घंटेचा मनोरा. उन्हात सगळं सेविया चुकलेलं, विखुरलेलं. खऱ्या सेवियासारखं तुझं काही दिसलं असेल तर ते हे. तू ते कोणाला दाखवलं नाहीस!

दोन महिरपी शेजारी ठेवून तुला त्यावर ठेवलं. शेडमधून माणसं आली, भुवयांपर्यंत सिमेंटने पांढरी. चिपळूणकडचा तांबे, तुझा फोरमन, पुढे होता. वहिनीने तुझ्या पायाशी पाण्याचा थेंब सोडला. मग पुन्हा उचलायची वेळ आली. तिघं वाकले. चौथ्या कोपऱ्याशी मी गेले.

"ताई, तुम्ही नको," देशपांडे म्हणाले. "बायका मागे."

मी मागे झाले. देशपांड्यांनी रुमाल खिशात घालून चौथा कोपरा धरला. तू खांद्यावर गेलास तेव्हा तांबे म्हणाला, "साहेबांचा नियम होता. चौघांच्या वर माल नाय."

कोणी हसलं नाही. फक्त वहिनी हसली. मग रडली.

दादा, तू काही थोर नव्हतास. तू जे पाहिलंस त्याची टरफलं काढलीस. माझं मत बदललेलं नाही, आणि तू मेलास म्हणून ते बदलावं असं मला वाटत नाही. शनिवारी बुलडोझर येईल आणि तुझी मूरिश दोरनक्षी चुरा होईल, आणि जगाचं काही बिघडणार नाही. व्हेनिसही जाईल काही वर्षांनी. मग काय करतील? पुणे?

पण एक विचारायचं राहिलं होतं. तू ती कड का कापली नाहीस? 'फुकट मिळाली' हे मला सांगू नकोस. तू फुकटचं काही घेणारा नव्हतास. सगळं मापात हवं असणारा तू. ती मुरड कुठेही सारख्या मापाची नव्हती. एका बाजूला तर वहिनीचं बोट घसरलंय. मी बघितलंय. ते घसरलेलं बोट तू तसंच ठेवलंस, आणि चौकभर, फुलाफुलाला, पुन्हा पुन्हा छापलंस.

त्यावर टकटक केली तरी ते पोकळच वाजणार, हे मला ठाऊक आहे. वहिनीलाही ठाऊक आहे. आत सारण नाही हे तर तिनेच आधी सांगितलं.

तिला तो कोनाडा कशाला हवाय ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यात समई ठेवेल बहुतेक. की मग तुझ्या नारिंगाच्या लोणच्याची बरणी. सेवियाहून आणलेली सहा नारिंगं आणि त्यांचं ते कडू लोणचं, तुझ्याशिवाय कोणी खाल्लं नाही, आणि तू ते वर्षभर खाल्लंस. याचं कौतुक मी कधी केलं नाही. आताही करत नाही. नोंद करून ठेवते.

तर ऐक. उद्या संध्याकाळी मी जाणार आहे. चौथा कोपरा माझा. कोनाडा सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, वहिनीपुढेही नाही. पण कचरा हा शब्द पुन्हा माझ्या तोंडून यायचा नाही, हे वचन. चर्चपासून पिकअपपर्यंत वाट थोडीच आहे. तांबे म्हणेल, एका दमात नेऊ. मी नेऊ देणार नाही. अर्ध्यात, तुझ्या बाक नसलेल्या चौकाच्या मधोमध, आम्ही तो खाली ठेवू. पाणी पिऊ. मागचे पुढे येतील, पुढचे मागे जातील. मग पुन्हा उचलू, आणि तेव्हा मी पुढच्या कोपऱ्याला असेन.

तुझी धाकटी,
विजू